दुकानाच्या चिठ्ठीवर १९१७: एका ली-एनफिल्ड रायफलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील बदलले आहेत. रायफलीविषयीचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणाचा अर्थच त्या तपशिलांवर उभा आहे.

मालक मूळचे सातारा जिल्ह्यातले असून वयाने पंचेचाळिशीच्या आसपासचे आहेत. गेली अनेक वर्षे ते अमेरिकेत राहतात आणि आता तिथले नागरिक आहेत. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. त्यांची तिसरी पलटण १९४१ मध्ये एरिट्रियातील केरनच्या लढाईत उतरली होती. आजोबांचे एक छायाचित्र, दोन पदके आणि सेवामुक्तीचा घड्या पडलेला कागद एवढेच कुटुंबाकडे उरले आहे. आजोबांच्या हातात जशी रायफल होती तशी एक आपल्या घरी असावी, ही मालकांची फार दिवसांची इच्छा होती.

जवळच्या परवानाधारक दुकानात त्यांना एक जुनी रायफल दिसली. तिला अडकवलेल्या चिठ्ठीवर ‘ब्रिटिश, १९१७, .३०३, पहिले महायुद्ध, मूळ स्थितीत’ असे लिहिलेले होते. दस्त्यावर झिजलेली तीन अक्षरे होती आणि ती त्यांनी ‘एम एल आय’, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री, अशी वाचली. एवढे पाहिल्यावर त्यांनी फार विचार केला नाही. ठरलेला फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी पार पडली आणि रायफल घरी आली. अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तिथे बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. याला मोजकेच अपवाद आहेत आणि ‘जुनी आहे, शोभेची आहे’ हे त्या अपवादांत बसत नाही. मालक नागरिक असल्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवला नाही.

ज्यांनी अशी रायफल कधी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ली-एनफिल्ड या नावातील ली म्हणजे जेम्स पॅरिस ली. बोल्ट (काडतूस नळीत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) यांची मूळ रचना त्यांची. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेकडील सरकारी कारखान्याचे गाव. १९०७ साली स्वीकारलेल्या ‘मार्क तीन’ या आखूड रायफलीत दहा गोळ्यांचे मॅगझिन होते. पहिले महायुद्ध लांबले तेव्हा उत्पादन वेगाने व्हावे म्हणून १९१६ मध्ये काही भाग गाळण्यात आले आणि ‘मार्क तीन, तारांकित’ ही सोपी आवृत्ती रूढ झाली. लांबून सामूहिक मारा करण्यासाठी बाजूला बसवलेली नेम धरण्याची दर्शनी आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी हे गाळलेल्या भागांतले मुख्य. हीच रायफल कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीकाठच्या इशापूर येथील कारखान्यातही बनत असे. आपल्याकडे ती ‘थ्री नॉट थ्री’ या नावानेच ओळखली जाते. एनसीसीत तिच्यावर हात बसलेली पिढी अजून आहे, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातातही हीच होती.

अडचण

रायफल घरी आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मालकांनी तीन गोष्टी केल्या. दस्त्याच्या उजव्या बाजूचे लाकूड मळकट दिसते म्हणून सँडपेपरने सुमारे तळहाताएवढा भाग घासून उजळ केला. धातूला नवा निळसर काळा रंग चढवण्यासाठी रसायनाची बाटली मागवली. आणि दस्ता सुटा करून नीट घासता यावा म्हणून त्याच्या मागच्या पितळी झाकणातून लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून मोठा बोल्ट, म्हणजे दस्ता जोडून ठेवणारा लांब स्क्रू, पिळला.

तिसऱ्या कृतीनंतर त्यांचा मला फोन आला. माझी त्यांची ओळख महाराष्ट्र मंडळातली. माझ्याकडे ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्यात बनलेली याच जातीची एक रायफल आहे, हे त्यांना ठाऊक होते. “काका, काहीतरी कट्टकन वाजलं आणि आता ते पुढचं लाकूड हलतंय,” एवढेच ते म्हणाले. काय झाले असावे ते मला तेवढ्यावरूनच कळले, कारण या रायफलीच्या बाबतीत ही चूक इतकी नेहमीची आहे.

या रायफलीचे लाकूड दोन स्वतंत्र तुकड्यांत असते. मागे खांद्याला लावायचा दस्ता असतो आणि पुढे नळीखाली लांब लाकूड, ज्याला आर्मरर, म्हणजे सैन्यातले शस्त्रदुरुस्ती करणारे कारागीर, ‘फोरएंड’ म्हणतात. दस्ता रिसीव्हरला (नळी आणि सरकता बोल्ट ज्यात बसतात तो मधला लोखंडी भाग) एका लांब बोल्टने घट्ट बसवलेला असतो आणि त्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते. हे चौकोनी टोक रिसीव्हरमधून थोडे पुढे येऊन फोरएंडच्या मागच्या बाजूला बसवलेल्या धातूच्या पट्टीतील खाचेत अडकते. उद्देश साधा आहे. फोरएंड जागेवर असेपर्यंत दस्त्याचा बोल्ट आपोआप सैल होऊ नये. परंतु फोरएंड न काढता कोणी तो बोल्ट जोर लावून फिरवला, तर चौकोनी टोक खाचेत फिरते आणि लाकूड आतून फाकवते. इथे तेच झाले होते. फोरएंडच्या मागच्या टोकापासून सुमारे पाच सेंटिमीटर लांब चीर पुढे गेली होती.

फोनवर मी त्यांना एवढेच सांगितले की, बोल्ट आहे तिथे राहू द्या, उलट फिरवून ‘जागेवर’ आणण्याचा प्रयत्न करू नका, रसायनाची बाटली उघडू नका आणि शनिवारी रायफल घेऊन या.

ओळख: आधी वाचन

शनिवारी प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री केली. नळी बंद करणारा बोल्ट उघडला, काडतुसाची जागा डोळ्यांनी आणि बोटाने तपासली, मॅगझिन काढले आणि नळीतून आरपार प्रकाश दिसतो हे पाहिले. त्यानंतरचे दोन तास आम्ही एकही स्क्रू सोडवला नाही. मालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता, आणि तुटलेल्या लाकडाची काळजी असलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपल्यासमोर नेमके काय आहे हे ठरल्याशिवाय ‘दुरुस्ती’ या शब्दाला अर्थ नसतो.

बोल्टच्या मुठीखाली, उजव्या बाजूस रिसीव्हरवर मुकुट, त्याखाली जी. आर. ही राजाची अक्षरे, ‘एनफिल्ड’, ‘१९१७’ आणि आवृत्तीची खूण होती. दुकानदाराची चिठ्ठी इथपर्यंत खरी होती. इशापूरमध्ये त्या काळी बनलेल्या रायफलींवर याच जागी जी. आर. आय. असे असते, कारण भारतापुरता तो राजा सम्राटही होता. या एका अक्षराच्या अनुपस्थितीवरून रिसीव्हर इंग्लंडमधलाच आहे याला दुजोरा मिळाला.

मात्र चिठ्ठीचा खरेपणा तिथेच संपला. रिसीव्हरच्या कड्यावर ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा बाण होता आणि त्याच्या खाली ‘आय’ हे अक्षर, म्हणजे भारत सरकारच्या मालमत्तेची खूण. नळीच्या मुळाशी असलेले सालाचे अंक १९४३ चे होते. नळी बदललेली होती, आणि तीही रिसीव्हर बनल्यानंतर सव्वीस वर्षांनी. बोल्टवर मूळ क्रमांकावर आडव्या रेघा मारून तो रद्द केलेला होता आणि शेजारी रिसीव्हरचाच क्रमांक नव्याने ठोकलेला होता. संग्राहकांपैकी काही जणांना असा खोडलेला क्रमांक खटकतो. मला तो आश्वासक वाटतो. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूच्या खुंट्यांवर अडकतो आणि प्रत्येक रिसीव्हरला तो हाताने जुळवून बसवावा लागतो. कोणत्या तरी कार्यशाळेत एका आर्मररने दुसरा बोल्ट घेऊन तो या रिसीव्हरला बसवला, तपासला आणि मगच त्यावर क्रमांक घातला, असे ती खोडलेली खूण सांगते. क्रमांक न जुळणारा आणि कोणतीही खूण नसलेला बोल्ट असता तर मी खरोखर काळजीत पडलो असतो.

लाकडाकडे वळल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले. मॅगझिनच्या थोडे पुढे फोरएंडमधून आडवा स्क्रू गेलेला होता. लाकूड धक्क्याने फाकू नये म्हणून इशापूरच्या कामात असा स्क्रू घालत. इंग्लंडच्या मूळ कामात तो नसतो. फोरएंडवर दोन ठिकाणी तांब्याची तार एकाला एक चिकटवून घट्ट गुंडाळलेली होती आणि तिचे वेढे कथिलाने जोडलेले होते. धातूवर सर्वत्र जाड काळा रंग होता. भारतीय शस्त्रागारांतून बाहेर पडलेल्या अनेक रायफलींवर असा रंग आढळतो. नळीच्या तोंडाजवळ बारीक अक्षरांत अमेरिकन आयातदाराची खूण होती. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने परदेशी सैन्यातून निघालेल्या बंदुकांची आयात बंद झाली आणि १९८४ मध्ये ती संग्राह्य म्हणून मान्य असलेल्या वस्तूंपुरती पुन्हा खुली झाली. त्यामुळे ही रायफल त्यानंतरच्या लाटेत तिथे पोचली असावी, हा अंदाज वाजवी ठरतो.

तांब्याच्या तारेने मालक गोंधळले होते. कोणीतरी फुटलेले लाकूड तारेने बांधून ठेवले आहे, असा त्यांचा समज होता, आणि तार काढणे हे त्यांच्या यादीतले पुढचे काम होते. वास्तविक ती सैन्यानेच गुंडाळलेली असते. नळीच्या तोंडावर एक पेला बसवून त्यातून मिल्स हातबॉम्ब सुमारे दोनशे यार्डांपर्यंत फेकता येत असे. त्यासाठी गोळी नसलेले विशेष काडतूस वापरत आणि दस्ता जमिनीला टेकवूनच बार काढत, कारण धक्का खांद्याला सोसण्यासारखा नसे. अशा वापराने लाकूड फुटले तरी ते शिपायाच्या हातात चिरफळ्या होऊन येऊ नये, म्हणून तार. म्हणजे ही रायफल तिच्या उत्तरायुष्यात बॉम्बफेकीसाठी राखून ठेवलेली होती.

केवळ कवायतीसाठी ठेवलेल्या रायफलींवर ‘डी पी’ ही अक्षरे असतात. ती आम्ही सर्वांत आधी शोधली होती. कुठेही नव्हती.

उरली ती ‘एम एल आय’ अक्षरे. ही तपासणी मी मुद्दाम शेवटी ठेवली. खोलीतला दिवा घालवून बॅटरीचा प्रकाश दस्त्यावर अगदी तिरपा टाकला, की झिजलेल्या ठशांच्या कडांना सावली पडते आणि ते वाचता येतात. पहिले अक्षर ‘एम’सारखे होते, पण त्याचा एक पाय लाकडाच्या रेषेत विरून गेला होता. तिसरे अक्षर अक्षर नव्हतेच, ती उभी खोक होती. मधले ‘एल’ मात्र स्वच्छ, खोल आणि इतर दोघांपेक्षा मोठ्या आकाराचे होते. ते दस्त्याच्या वरच्या कडेवर, मागच्या पितळी पट्टीच्या थोडे पुढे होते. या जागी दस्त्याची लांबी सांगणारी खूण ठोकत. शिपायांच्या उंचीनुसार दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनत, आणि नेहमीपेक्षा अर्धा इंच लांब असलेल्या दस्त्यावर ‘एल’ असे. माझ्या रायफलीचा दस्ता नेहमीच्या लांबीचा आहे. दोन्ही शेजारी ठेवून मोजले, तर फरक अर्ध्या इंचाचाच निघाला.

मालक काही वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनीच सांगितले की, आजोबांच्या सेवामुक्तीच्या कागदावर उंची पाच फूट चार इंच लिहिलेली आहे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांचा मूळ बेत होता. तार काढायची, फोरएंड टाकून १९१७ च्या पद्धतीचा दुसरा बसवायचा, काळा रंग खरवडून धातूला नवा रंग चढवायचा आणि लाकूड सर्वत्र एकसारखे घासून तेल लावायचे. या पर्यायाच्या बाजूने बोलण्यासारखे एकच होते. शेवटी जे तयार झाले असते ते दिवाणखान्यात देखणे दिसले असते. परंतु १९१७ चा भाग म्हणून या रायफलीत रिसीव्हरखेरीज खात्रीने काही उरलेले नव्हते. नळी १९४३ ची, फोरएंड भारतीय, बोल्ट दुसऱ्या कोणत्या तरी रायफलीचा. ‘मूळ स्थिती’ म्हणून जे साधले असते ते कधी अस्तित्वातच नव्हते. शिवाय भारतीय वापराच्या सर्व खुणा त्यात नष्ट झाल्या असत्या. मालकांना या वस्तूत रस होता तो तिच्या भारतीय धाग्यामुळे, आणि नेमका तोच धागा या बेतात तुटणार होता. हे त्यांच्या लक्षात आणून दिले तेव्हा त्यांनी स्वतःच हा पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय काहीही न करण्याचा. खरोखरच मौल्यवान, दुर्मीळ आणि स्थिर अवस्थेतील वस्तूसाठी तो पुष्कळदा योग्य असतो. इथे मात्र चीर ताजी होती आणि हाताळणीत वाढली असती. रंगाखाली काही ठिकाणी फुगे आले होते, म्हणजे गंज जिवंत होता.

तिसरा पर्याय जतनाचा. चीर सांधायची, गंज थांबवायचा, बाकी सर्व आहे तसे ठेवायचे आणि जे करू त्याची नोंद ठेवायची. तो आम्ही स्वीकारला.

याखेरीज एक वेगळा निर्णय घ्यायचा होता, तो म्हणजे ही रायफल कधी झाडायची का. मालकांची तशी इच्छा होती. गेजने तपासले तेव्हा बोल्ट ०.०६४ इंची गेजवर बंद झाला आणि ०.०७४ इंची गेजवर झाला नाही, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी राहणारी फट मर्यादेत होती. एवढे पाहून कोणी ‘हरकत नाही’ म्हणाला असता. माझे मत विरुद्ध पडले. गेज फक्त फट मोजते. बॉम्बफेकीच्या असंख्य धक्क्यांनी रिसीव्हरचे काय झाले आहे हे ते सांगत नाही, आणि फोरएंडचा मागचा भाग, जो प्रत्येक बाराचा धक्का घेतो, तोच आमच्यासमोर फुटलेला होता. तांब्याची तार गुंडाळलेल्या रायफली सैन्यातही साध्या गोळीसाठी फक्त निकडीच्या वेळी वापराव्यात असा संकेत होता. सैन्य जे टाळत असे ते हौसेसाठी करण्यात मला काही शहाणपण दिसले नाही. झाडायची नाही असे ठरले. हा निर्णय मालकांनी थोड्या नाराजीने मान्य केला, हेही नोंदवतो.

प्रत्यक्ष कार्यवाही

सुरुवात छायाचित्रांनी केली. प्रत्येक खूण, प्रत्येक स्क्रूची खाच आणि तारेचे वेढे सुरू होतात व संपतात ती जागा टिपली. नंतर योग्य क्रमाने सोडवणी केली. बोल्ट आणि मॅगझिन आधीच काढलेले होते. मग नळीच्या टोकाशी असलेले लोखंडी टोपण आणि बाहेरचे कडे, नळीवरची लाकडी झाकणे, खालून आत जाणारा लहान स्क्रू व त्याची स्प्रिंग आणि शेवटी चापाभोवतीची पट्टी. स्क्रूच्या खाचेत नेमके बसेल असे पाते कानशीने घासून तयार केले होते. सैल पात्याने खाच फाकली की ती कायमची फाकते, आणि रायफल कोणी अजाणतेपणे उघडलेली आहे याची ती सर्वांत ठळक खूण ठरते. फोरएंड खाली ओढताना तो डावीउजवीकडे हलवायचा नसतो. दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन सरळ खाली आणायचा, नाहीतर आतल्या टेकूंच्या कडा तुटतात. हे झाल्यावरच दस्त्याचा बोल्ट फिरवला. तो मुकाट्याने सुटला.

चिरेच्या आत कित्येक दशकांचे तेल मुरलेले होते आणि तेलकट लाकडाला काहीही चिकटत नाही. उघड्या गॅरेजमध्ये बारीक ब्रशने ॲसिटोन आत सोडून, नंतर खडूच्या बारीक भुकटीचा लेप देऊन तेल ओढून घेतले. लेप पिवळा पडला की तो झाडायचा आणि नवा लावायचा, असे चार वेळा केले. त्यानंतर सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी लाकडाच्या रंगाशी जुळवून चिरेत भरले, दोन्ही बाजूंना मऊ लाकडाचे तुकडे लावून शिकंजा आवळला आणि चोवीस तास हात लावला नाही. बाहेरून दिसणार नाही अशा जागी एक बारीक पितळी खिळा आडवा घातला. आर्मररही अशीच कामे करीत, त्यामुळे ही दुरुस्ती वस्तूच्या स्वभावाला धरून आहे असे मला वाटते.

नळीवरची झाकणे काढल्यावर खाली गंज निघाला. लाकडाने झाकलेल्या भागात तो नेहमीच असतो, कारण ओल तिथे अडकते आणि कोणी पाहत नाही. हलक्या तेलात भिजवलेल्या ब्राँझच्या लोकरीने लाल भुकटी निघेपर्यंत घासले आणि खाली गडद तपकिरी, घट्ट थर लागल्यावर थांबलो. तो थर आता लोखंडाला अपाय करत नाही. काळा रंग जिथे घट्ट होता तिथे त्याला स्पर्श केला नाही. फुगे आलेल्या पाच जागांवरचा सुटलेला रंग तेवढा काढला. नळीच्या आतले पाच चर स्पष्ट होते, पण त्यांच्या तळाशी खड्डे होते. जुन्या काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतील रसायनाने बार काढल्यावर मिठासारखा क्षार मागे राहतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच पलटणीत नळीतून उकळते पाणी ओतून मगच दोरी आणि फडके फिरवण्याची शिस्त होती. आम्हीही नळीभोवतीचे लाकूड काढलेले असताना उकळते पाणी ओतले, लगेच कोरडी केली आणि तेल दिले.

तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक होता. मालकांच्या पत्नीने चिंच आणि मीठ सुचवले, आणि घरातल्या घंगाळापुरता तो सल्ला बिनतोड आहे. इथे मात्र आंबट पाणी तारेखालच्या लाकडात मुरले असते आणि वेढ्यांखाली लोखंडापर्यंत पोचले असते. कोरड्या मऊ ब्रशने सुटा कळंक झाडला आणि तारेची काळसर झाक राहू दिली.

लाकडाला जवसाचे कच्चे तेल बोटाने, अगदी थोडे, आठवड्याच्या अंतराने तीनदा लावून दर वेळी पुसून घेतले. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवली आणि मग पाण्याने भरलेल्या डब्यात टाकून विल्हेवाट लावली. सँडपेपरने उजळलेला भाग बाकीच्याशी जुळवण्यासाठी मी कोणताही रंग दिला नाही. तेलाने तो थोडा मावळला, तेवढे पुरे आहे.

निष्पत्ती आणि देखभाल

काम सुरू झाल्यापासून सात आठवड्यांनी रायफल पुन्हा जुळवली. चीर शोधून पाहिल्याशिवाय दिसत नाही. पहिल्या वर्षी तीन महिन्यांच्या अंतराने तपासले तेव्हा रंगाखाली नवा फुगा आढळला नाही.

ती आता कुलपाच्या लोखंडी कपाटात असते आणि बोल्ट काढून वेगळा ठेवलेला आहे. कपाटातली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून ओल शोषणारी दांडी बसवली आहे. नळीचे तोंड खाली ठेवले आहे, म्हणजे उरलेले तेल दस्त्याच्या मानेत उतरून लाकूड मऊ करणार नाही. कापडी किंवा चामडी म्यानात ठेवणे कटाक्षाने टाळले, कारण म्यान ओल धरते. हाताळताना सुती मोजे आणि हाताळून झाल्यावर तेलाचे बोट फिरवलेले फडके, एवढाच नेम आहे. मालकांना तो पाळणे जड गेलेले नाही.

दुकानाची चिठ्ठी मालकांनी जपून ठेवली आहे. तिच्यासोबत आमच्या नोंदींची प्रत आहे, आणि त्यात रिसीव्हर, नळी, बोल्ट, फोरएंड आणि दस्ता यांच्याविषयी काय खात्रीने कळले व काय केवळ अनुमान आहे हे वेगवेगळे लिहिले आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी या रायफलीचा संबंध असल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही, हे वाक्य त्यांनीच घालायला सांगितले. ही रायफल निवृत्तीनंतर साताऱ्याला नेता येईल का, असेही त्यांनी विचारले होते. .३०३ हा भारतात सामान्य परवानाधारकाला न मिळणारा, निषिद्ध गटातला व्यास आहे. इशापूरची .३१५ ही नागरी रायफल वेगळ्या काडतुसाची आहे, तेही याच कारणाने. त्यामुळे तो विचार त्यांनी सोडून दिला.

काय वेगळे करता आले असते

चीर टळू शकली असती, हे उघड आहे. दस्त्याचा बोल्ट फिरवण्याआधी फोरएंड काढायचा, हा नियम कोणत्याही जाणकाराने एका वाक्यात सांगितला असता. पण दुरुस्त झालेल्या चिरेचे मला तितकेसे वाटत नाही.

माझ्या बाजूने दोन चुका झाल्या. चिरेतले तेल काढताना ॲसिटोनचा एक थेंब ओघळून चापाभोवतीच्या पट्टीवर पडला आणि तिथला काळा रंग नखाएवढ्या जागेत विरघळला. पट्टी आधीच काढलेली होती, ती त्याच टेबलावर ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. दुसरे म्हणजे खडूचा लेप मी चार वेळांवर थांबवला. आणखी दोन वेळा दिला असता तर इपॉक्सीची पकड अधिक खात्रीची झाली असती. आजवर ती सुटलेली नाही, परंतु ही रायफल कधी झाडली गेली असती तर मी त्या सांध्याबद्दल ग्वाही दिली नसती.

न झाडण्याच्या निर्णयाबद्दल नंतर एका अनुभवी स्नेह्याने माझ्याशी वाद घातला. पात्र आर्मररकडून रिसीव्हरची पूर्ण तपासणी करून घेतल्याशिवाय मी तो पर्याय बाद करायला नको होता, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य आहे. मालकांना थोडी वाट पाहायला सांगून ती तपासणी करून घेता आली असती, आणि निर्णय बहुधा तोच राहिला असता तरी त्याचा आधार माझे मत न राहता मोजमाप ठरले असते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र फोन येण्याआधीच होऊन गेले होते. दस्त्याची उजवी बाजू ही पलटणींच्या आणि शस्त्रागारांच्या ठशांची नेहमीची जागा आहे. तिरप्या प्रकाशात सँडपेपरच्या पट्ट्याच्या अगदी कडेला एका अंकाची अर्धी गोलाई दिसते. ती तीनाची असेल, पाचाची असेल किंवा आठाची. तिच्या पुढे सहा सेंटिमीटर लाकूड गुळगुळीत आहे.